कोबाल्ट घातला!

“कोबाल्ट घातला की मोठ्याने सांगायचं. मनातल्या मनात म्हटलेलं कुणाला ऐकू जातं?”

नवऱ्याचा तो आवाज सुनेच्या कानात अजून होता. होड्या दुरुस्त करायच्या याच शेडमध्ये तो हसत हसत शिकवायचा. होडीची भोकं बुजवायचं रेझिन नुसतं ठेवलं तर पाकासारखं लोळत पडतं. हार्डनर घातला तरी त्याचा आळस जात नाही. पण आधी जांभळ्या कोबाल्टचे थोडे थेंब ढवळले, की हार्डनरला असा जोर चढतो की बघता बघता रेझिनचा दगड होतो. कोबाल्ट मात्र सगळ्यांना कामाला लावून स्वतः होता तसाच राहतो.

तो गेल्यावर शेड सासूसुनांनी चालवली. नवखं माणूस त्यांना मायलेकीच समजायचं. पण हल्ली सुनेच्या तोंडाला कुलूप होतं. होड्या रंगवायला येणाऱ्या रंगाऱ्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. पण जिचा एकुलता एक लेक गेला, त्या माउलीला हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

त्या सकाळी सुनेने रेझिनच्या बादलीत कोबाल्टचे थेंब टाकले, ढवळले आणि गुपचूप फायबरचं कापड कापायला वळली. मागून सासू आली. तिनेही थेंब टाकले, तीही गप्पच. वर हार्डनर पडला. होडीच्या भोकावर पहिला हात फिरतोय न फिरतोय, तोच बादली तापली, धूर निघाला, आणि आत ठेवलेला ब्रश खांबासारखा उभाच राहिला.

“अगंबाई! तू घातला होतास कोबाल्ट?”

“हो. तुम्ही पण?”

“मग बोलायला काय झालं होतं?”

“तुम्ही तरी कुठे बोललात, आई?”

सासूने ब्रश ओढला, तर बादलीच उचलून आली. तशीच ती बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवताना दोघींना हसू आवरेना. हसता हसता सुनेचे डोळे भरले.

सासूने हातमोजे काढले, तिचा गाल पुसला.

“चिमणीएवढं जेवतेस, रात्रभर कूस बदलतेस. म्हटलं, सांगेल आपणहून. म्हणून मीही तोंड शिवून बसले. आता रेझिन गेलं, ब्रश गेला. बोल ना गं, बाई माझी.”

सुनेने तिचा हात गालावरच धरून ठेवला.

“आई, मला त्या रंगाऱ्याशी लग्न करायचंय. आणि मला तुम्हीही हव्या आहात.”