पितळेच्या भट्टीवरचा पंखा

सर्र... सर्र... कागदावर पेन्सिल ओढल्याचा तो आवाज मी ऐकला, तेव्हा मला लोखंडाचं अंगही मिळालं नव्हतं. फार जुनी गोष्ट. मी पितळेच्या भट्टीवरचा, धूर ओढणारा पंखा. बोलायची सवय नाही मला, तेव्हा जरा सावकाश ऐका.

माझा नकाशा एका ताईंनी काढला. बाजारात तयार पंखे ढिगानं मिळतात, पण या भट्टीवर एकही टिकत नव्हता. कुणी उष्णतेनं वाकायचा, कुणी राखेनं भरायचा. म्हणून ताई आधी भट्टीपाशी येऊन दिवसभर बसल्या.

"काका, हा धूर जातो कुठे?" त्यांनी भट्टीवाल्याला विचारलं.

"कुठे म्हणजे? निम्मा छपराला, निम्मा माझ्या छातीत!"

ताई हसल्या नाहीत. चिमूटभर राख पुडीत बांधून घेऊन गेल्या. ती राख चिकटू नये म्हणून त्यांनी माझी पाती मागे कललेली केली आणि कुठल्या बाजूनं फिरायचं ते दाखवणारा लाल बाण माझ्या पत्र्यावर काढायला लावला.

पंधरा वर्षं मी धूर ओढला. पंखा चालू असला की तो कुणाला दिसत नाही. बंद पडला की सगळे माना वर करतात. एकटा भट्टीवाला तेवढा रोज सकाळी बटण दाबताना "चला राव" म्हणायचा.

मग एका वर्षी रंगाऱ्यानं माझ्याबरोबर तो बाणही रंगवून टाकला. पुढे मोटार जळाली. ती दुरुस्त होऊन आल्यावर जोडायला आला वायरमन, भट्टीवाल्याचा सख्खा मेहुणा. त्यानं तारा जोडल्या, मला सुरू केलं आणि खाली कागद धरला. कागद वर ओढला गेला.

"दाजी, ओढतोय की! चहा सांगा आता."

ओढत होतो, पण उलटा फिरून. माझ्यासारखा गोल पेटीत चाकासारखा फिरणारा पंखा उलटा फिरवला तरी धूर त्याच वाटेनं जातो, फक्त निम्म्याहून कमी. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मी थरथरलो, घरघरलो. "म्हातारा झालाय," लोक म्हणाले. दोन वर्षं अशी काढली. काम करून मी कधी दमलो नव्हतो; या फुकटच्या फिरण्यानं मात्र पार थकलो.

उरलेला धूर भट्टीवाल्यानं ओढला. त्याला खोकला लागला. "या धुरात राहिलात तर छाती साथ देणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. भट्टीचे मालक मला भंगारात काढायला निघाले.

"काढा, पण आधी त्या ताईंना दाखवा," भट्टीवाला म्हणाला.

ताई आल्या. केस पिकले होते. त्यांनी मला बंद करायला लावलं आणि माझा वेग उतरताना पेटीच्या झडपेतून आत पाहिलं.

"काका, हा उलटा फिरतोय."

"असं कसं ताई? ओढतोय तर!"

"तिथेच तर फसगत होते. मोटार कुणी जोडली?"

मेहुणाच पुढे झाला. दोन तारांची अदलाबदल केली, बस. दहा मिनिटांचं काम.

मी सुरू झालो. धूर सरळ वर आला आणि पलीकडची भिंत दिसू लागली. भट्टीवाल्यानं खोल श्वास घेतला, आणि खोकल्यानं तो पार वाकला. बराच वेळ सरळ झाला नाही. समोरचा धूर मी ओढू शकतो. छातीत जाऊन बसलेला मला ओढता येत नाही.

आता मी सुलटा फिरतो, पण जुना जोर नाही. तुम्हाला एकच विनवणी. एखादा घरघरायला लागला, तर त्याला म्हातारा म्हणण्याआधी जरा थांबवून आत बघा.

त्या दिवशी मेहुणा कितीतरी वेळ मान खाली घालून उभा होता.

"दाजी, शिव्या तरी द्या."

भट्टीवाल्यानं हातमोजे काढले, झटकले, कट्ट्यावर ठेवले आणि तो दाराबाहेर गेला.