घरच्या माणसाचं उत्तर

अपघात विभागात मी सोळा वर्षं काढली आहेत. माझी धाकटी बहीणही नर्स, तिला सुई धरायला मीच शिकवलं. त्यामुळे युद्ध चाललेल्या भागातल्या दवाखान्यासाठी एक नर्स हवी म्हटल्यावर ती मीच, यात मला तरी शंका नव्हती. पण अर्ज तिनेही केला. लहानपणापासून तिचं हेच. मी काही धरलं की तिलाही तेच हवं, आणि मेलीला ते हसत हसत मिळतंही.

प्रशिक्षण पाच दिवसांचं, एका बंद पडलेल्या कारखान्यात. शिकवणाऱ्या निवृत्त सैनिकाच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीसाहेब म्हणायचो. बारा किलोचं बुलेटप्रूफ जाकीट घालून पळायचं, बंदूकवाल्यासमोर हात दिसतील असे ठेवून बोलायचं, स्वतःच्याच मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवायचं. पट्टा मी अकरा सेकंदांत आवळला. धाकटीला वीस लागले. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

चौथ्या दिवशी खरी परीक्षा. भोंग्यावर गोळीबाराचा आवाज, अंगणात लाल रंग फासलेला एक जण विव्हळत पडलेला. मी धावले. सोळा वर्षांत विव्हळणाऱ्या माणसाकडे मी कधी चालत गेलेले नाही. गुडघे टेकून त्याची नाडी बघतेय तोवर शिट्टी वाजली.

"तुम्ही मेलात," शिट्टीसाहेब म्हणाले. "आधी आडोसा, मग पेशंट. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

धाकटी दारातून माझं मरण बघत होती. तिची पाळी आली तेव्हा ती भिंतीआडच बसली आणि तिथून त्या माणसाला म्हणाली, "सरपटत माझ्याकडे या." तो आला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ते हेच. ठेच माझी, शहाणपण तिचं.

संध्याकाळी यादी लागली. पहिली धाकटी, दुसरी मी. तिचं काही फिसकटलं तरच माझी वर्णी. मी तिचं अभिनंदन केलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

शेवटच्या दिवशी एक कागद भरायचा होता. माणूस पळवला गेला, तर तो जिवंत आहे का हे ओळखायला एक प्रश्न लागतो. उत्तर फक्त त्याला आणि घरच्या एकाच माणसाला माहीत हवं. जाणाऱ्याने प्रश्न आणि उत्तर लिहून द्यायचं, घरच्या माणसाने दुसऱ्या खोलीत बसून आपलं उत्तर लिहायचं.

"जुळलं नाही तर जाणं रद्द," शिट्टीसाहेब म्हणाले. "ज्याच्या घरी एकही पक्का माणूस नसेल, त्याला आम्ही पाठवत नाही."

धाकटीने माझं नाव दिलं होतं.

"अहो, या तर यादीत दुसऱ्या आहेत," ते म्हणाले.

"ताईच," ती म्हणाली.

मी खोलीत बसून प्रश्न वाचला. 'पोहण्याच्या शर्यतीत मिळालेलं माझं पदक कुठे आहे?'

तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मी चौदा. त्या वर्षी मला काहीच मिळालं नव्हतं. तिचं पदक मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत टाकलं. घरभर शोधाशोध झाली, तेव्हा मीही पलंगाखाली वाकून शोधलं. आजवर हे कुणापाशी बोलले नाही.

'माहीत नाही' एवढं लिहिलं की जागा माझी. खोटं कुणाला कळणारही नव्हतं, तिच्याशिवाय. मला तिचा हेवा वाटतो. त्या खोलीतही वाटत होता, आणि पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. मग लिहिलं, 'गच्चीवरच्या टाकीत. मी टाकलं.'

शिट्टीसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शिक्का मारला.

बाहेर धाकटी जाकीट चढवत होती.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासून. ओल्या हातांनी जिना उतरत होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं मन लावून शोधत होतीस."

"आणि आज मी लिहिलं नसतं तर?"

ती जाकिटाशी खुडबुडत राहिली. "तर माझं घरी कुणी नाही, हे जायच्या आधी कळलं असतं. ताई, हा पट्टा आवळ ना, मला जमत नाहीये."

मी आवळला. जरा जास्तच.