साबणाचं बूच

ताराबाईनं दुधाचे दोन्ही कॅन ओसरीवर दाणकन आदळले, तेव्हा मी चहाचा कप तोंडाला लावला होता. तिचं घर आणि माझं घर एकाच भिंतीला टेकून आहे. त्यांचं भांडण मला ऐकावं लागत नाही, ते आपणहून घरात येतं.

“दुसऱ्यांदा माघारी आलं दूध! आवो, लेकरायला कोरा च्या पाजून थेंबन् थेंब डेरीला घालितो आपून. आन् तुमी पिट्रोल घालून आनता व्हय त्याच्यात?”

“म्या कावून घालीन?” तिचा नवरा आश्रुबा म्हणाला. “फटफटीच्या टाकीचं झाकन ढिलं झालंय. खड्ड्यात गाडी आदळली की पिट्रोल उसळतंय, मागं कॅनापस्तोर वास जातोय. शिवशंकर म्हनला, आजून एकदा वास आला तर नंबरच काटतो.”

शिवशंकर म्हणजे डेरीवर दूध मोजून घेणारा. त्यानं खात्याचा नंबर काटला, म्हणजे दूध घेणं बंद केलं, की दोन म्हशी दावणीला ठेवायला कारण उरत नाही. आणि वैशाखात, माळावर काडी नसताना, आष्टीच्या बाजारात म्हशीला गिऱ्हाईक मिळतं ते फक्त कसायाचं.

आता मी गप्प बसायचं होतं. पण वाडीत कुणाचा पंखा, मोटार, गिरणी बिघडली की लोक ‘आसारामला बोलवा’ म्हणतात, आणि त्यामुळे माझ्या डोक्यात हवा गेलेली. मी भिंतीवरून म्हणालो, “आश्रुबा, गाडी इकडं घे. उंद्यापासून वास आला तर मिशी काढीन.”

सायकलच्या ट्यूबचं गोल कडं कापून झाकणाखाली बसवलं. झाकण बसलं गच्च. मग दिसलं, झाकणाला वरून एक बारीक भोक आहे. आश्रुबा म्हणाला, “हे कशाला ठिवलं आसंल बे?”

“कंपनीची चूक,” मी म्हणालो. “वास हितूनच येतोय. वहिनी, न्हायच्या साबनाची चिपटी द्या.”

टाकी गळायला लागली की साबण लावायचा, ही आमच्याकडची जुनी विद्या. ताराबाईनं गुलाबाच्या वासाची चिपटी आणून दिली. मी ती मळून भोकात ठासली. पाण्याचा माठ फुटला तरी आम्ही साबणच लावला असता.

सकाळी मीही मागं बसलो. मिशीचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना कॅन, दूध हिंदकळू नये म्हणून प्रत्येकाच्या तोंडाशी ताराबाईनं लिंबाचा पाला कोंबलेला. एका कॅनचं झाकण सैल होतं म्हणून ते तिनं सलाईनच्या नळीनं बांधलं होतं. म्हशीला ताप आला तेव्हा डॉक्टर टाकून गेला ती नळी. वास अजिबात नव्हता. मी आश्रुबाच्या पाठीत एक थाप मारली.

दोन कोसांवर चढाला गाडी गचके खाऊन बंद पडली.

आश्रुबानं किक मारली. दहा, वीस, पन्नास. मी प्लग काढून पुसला, तार चोळली, चोक ओढला. घटकाभरानं चालू झाली, शेतभर गेली आणि पुन्हा मेली. ऊन चटके द्यायला लागलं. साडेआठला टँकर निघतो, आणि असल्या उन्हात दूध किती वेळ दम धरणार? आश्रुबाच्या पायातली चप्पल तुटली, तो अनवाणी किक मारायला लागला. नडगी सोलून रक्त आलं तरी थांबेना. मला त्याच्याकडं बघवेना.

“आश्रुबा, थांब जरा.”

“कसं थांबू बे? कसं थांबू? ती म्हशीला पोरीवानी जपती रं!” तो रडतच होता. “पिट्रोल तरी हाय का बघ त्या मड्यात!”

मी जोर लावून झाकण फिरवलं. टाकीनं ‘फुस्स’ करून हवा आत ओढून घेतली. पुढच्या किकला गाडी चालू.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीला श्वास लागतो. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी, आणि त्या भोकाचं नाक मीच दाबलं होतं. कंपनीची चूक नव्हती, मिशीवाल्याची होती.

“पन भोक उघडलं तर पुन्ना वास,” आश्रुबा म्हणाला.

मला सलाईनची नळी दिसली. तारेनं उकरून साबण बोटांनी काढला, भोक जरा मोठं केलं, नळीचं टोक त्यात घट्ट बसवलं. हँडलला एक वेढा देऊन दुसरं टोक खाली चाकाजवळ सोडलं. आता वास रस्त्यानं खावा. ज्या कॅनची नळी सोडली होती त्याचा पाला वर आला होता. तो मी हातानं खोल दाबला, झाकण पंचानं आवळलं आणि निघालो.

डेरीवर टँकरचं इंजिन सुरू झालेलं. शिवशंकरनं पहिल्या कॅनात नाक घातलं. “हे बराबर हाय.” दुसऱ्यात घातलं आणि तसाच वर बघत राहिला. “आश्रुबा, पिट्रोल न्हाई. हे साबन हाय. दुधात साबन घालायला कवापासून शिकलास?”

रांगेतली माणसं वळली. साबणाचं दूध म्हणजे भेसळीचं दूध, त्याला नुसता नंबर काटून भागत नाही. मी पुढं झालो, उजवा हात त्याच्या नाकाखाली धरला. “ह्यो बघ! गुलाब येतोय का? माझा हात हाय त्यो. पाला म्या दाबला. त्याची काई चूक न्हाई.”

“कशावरून?” कुणीतरी म्हणालं.

आश्रुबानं मापाचं लिटरचं भांडं उचललं, त्याच कॅनात बुडवलं, तोंडाला लावलं. सगळ्यांसमोर घटाघट प्याला. दुसऱ्यांदा बुडवलं तेव्हा शिवशंकरनंच त्याचा हात धरला.

“बस कर. भेसळवाला इतकं पीत न्हाई. एक कॅन घेतो, ह्यो माघारी ने. नंबर ऱ्हाऊ दे.”

येताना गाडी एकदाही बंद पडली नाही. अर्ध्या रस्त्यात मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात आश्रुबा मान न वळवता म्हणाला,

“आसाराम, साबनाचा वास सोडला तर... आपल्या म्हशीचं दूध लई ग्वाड हाय रं. मला म्हाईतच नव्हतं.”