अहवालातली बंद मशीन

मी बॅगा शिवायची मशीन आहे, मित्रांनो. जुनी झालेय, अंगाला गंज धरायला लागलाय आणि डोकं तर कायमचं तापलेलं असतं. तेव्हा माझ्याकडून गोडगोड ऐकायचं असेल तर आत्ताच उठा. 'मी लोकांच्या उपयोगी पडले, धन्य झाले' असलं काही मी बोलणार नाहीये. उपयोगी पडत होते, तरीही उचलून इथे आणून टाकलं मला. कसं, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, गार झाल्यावर घासलं, वरून हिरवा रंग मारला. झगे शिवायच्या मशिनी वेगळ्या. त्यांना जरा जाड कापड दिलं की लगेच कुरकुर. मी तसली नाही. दप्तराचा पट्टा चार पदरी दुमडून सुईखाली सरकवा, एका दमात आरपार. माझा आवाज मोठा आहे, मान्य. पण काम पण तसंच मोठं आहे.

मी आले ती काकूच्या दुकानात. अरुंद गल्ली, एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला घड्याळवाला, मध्ये काकूचं शटर. आत मी, एक स्टूल आणि कापडाचे ढीग. काकू बॅगा शिवायची आणि तिची नणंद चेन बसवायची. काकू तिला वन्सं म्हणायची, मग सगळी गल्लीच वन्सं म्हणायला लागली. पोस्टमनसुद्धा.

मला काकूने कर्जावर घेतलं होतं. त्याची भानगड अशी. सरकार एका संस्थेला पैसे देतं. संस्था ते छोट्या धंदेवाल्यांना कर्जाने देते. आणि दर तिमाहीला संस्थेने सरकारला अहवाल पाठवायचा, की पैसे कोणाला दिले, त्यातून काय घेतलं, घेतलेली वस्तू चालू आहे की धूळ खात पडलीय. वस्तू बंद दिसली तर ती परत घ्यायची आणि दुसऱ्या गरजूला द्यायची. ऐकायला झकास आहे. लोकांचे पैसे आहेत, विचारायला नको? विचारा की! पण विचारायला पण अक्कल लागते, आणि ती कर्जाने मिळत नाही.

आल्या आल्या माझ्या टेबलाला ड्रिलने भोकं पाडून पत्र्याची पट्टी ठोकली. त्यावर माझा नंबर. ठोकली कुठे? टेबलाच्या पुढच्या कडेला, नेमकी जिथे शिवताना काकूचं पोट टेकतं तिथे. ठोकणारा हुशार होता. शिवायला कोणीतरी बसतं, हे त्याच्या गावीच नव्हतं.

मग तिमाही संपली की फोटोवाले साहेब यायचे. ते संस्थेचे माणूस. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, बगलेत पांढरी चादर. आमच्या मागे पसारा दिसू नये म्हणून ती चादर चावीवाल्याकडून खिळे मागून भिंतीला ठोकायची.

"काकू, ते कापड उचला. दोरा काढा. आणि हे तेल पुसा हो, काय हे!"

"साहेब, मशीन म्हटल्यावर तेल असणारच."

"वरती घाण फोटो चालत नाहीत."

"वरती म्हणजे कुठे?" वन्सं चेनचा डबा बंद करत विचारायची. "देवाला पाठवता का फोटो?"

साहेब हसायचे नाहीत. त्यांच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप होतं. त्याला पट्टीवरचा नंबर वाचता आला तरच ते फोटो घ्यायचं. म्हणजे काकूने स्टुलावरून उठायचं, स्टूल बाहेर ठेवायचं, माझ्या बाजूला उभं राहायचं, हात मागे घ्यायचे आणि हसायचं.

"हात लावू नका मशीनला. फोटो हलतो."

घ्या! जिच्या हाताने मी चालते तिने मला हात लावायचा नाही. आणि मी कशी? चकाचक. अंगावर दोरा नाही, कापड नाही. अख्खी सकाळ फुकट जायची. तेल पुसल्यामुळे दुपारी मी किंचाळायचे आणि काकू पुन्हा तेल घालायची. त्या तेलाने बिचारीच्या बॅगेवर डाग पडायचे, ते वेगळंच.

कौतुकही झालं हो माझं. संस्थेच्या ऑफिसात माझा नि काकूचा मोठ्ठा फोटो लागला, खाली 'यशस्वी उद्योजिका'. काकू वन्संना घेऊन बघायला गेली. परत आल्या तेव्हा वन्संचं हसू थांबेना. "अगं, स्थळाला दाखवायला उभी केल्यासारखी दिसतेस! आणि मशीन तुझ्याहून गोरी!" काकू लाजली. खूश होती ती. मला मात्र तेव्हाच राग आला होता. मी धावताना कशी दिसते, ते एकानेही बघितलं नव्हतं. फोटोचं कौतुक म्हणजे काय कौतुक असतं का?

असंच चाललं असतं. पण काकूला एक मोठं काम मिळालं. एका शाळेला सगळ्या मुलांसाठी एकसारखी दप्तरं हवी होती. शाळा उघडायच्या आत दिली तर दरवर्षी काम काकूलाच. नाही दिली तर शाळा दुसरीकडे जाणार. काकूने हातातली बारीकसारीक दुरुस्तीची कामं सोडून दिली, कापड आणलं, कापून ठेवलं. निळे तुकडे छतापर्यंत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. वन्सं दारात बसून चेन लावायची. "हे पार पडलं ना," काकू म्हणायची, "की बाजूचा गाळा घेऊ." मी तर नुसती उडत होते. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच पत्र आलं. मशीन वापरात नाही, परत घेण्यात येत आहे.

झालं काय होतं, सांगते. वरच्या ऑफिसात कोणीतरी एक शहाणा बसलेला. त्याने खुर्चीतून न उठता माझे सगळे फोटो ओळीने लावून बघितले. प्रत्येक फोटोत मशीन कोरी करकरीत. दोरा नाही, कापड नाही, तेलाचा थेंब नाही, पुढे स्टूलसुद्धा नाही. बाई आपली लांब उभी, हात मागे. म्हणजे मशीन नुसती शोभेला! चोरी पकडली म्हणून त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं असेल. पुसायला लावणारे हेच. पुसलेली दिसली म्हणून बंद ठरवणारे पण हेच. आणि पगार दोन्हीकडे.

फोटोवाले साहेब टेम्पो घेऊन आले, बरोबर दोन हमाल. काकू शिवतच होती. साहेब दारातच थबकले, कारण निळ्या तुकड्यांतून आत यायला वाटच नव्हती.

"तुम्हीच पुसायला लावत होतात ना?" काकू थांबली नाही. "आता बघा की डोळ्यांनी. चालू आहे की बंद?"

"मला दिसतंय हो काकू. पण मला दिसून काय उपयोग? अहवालात दिसायला हवं."

"मग आत्ता काढा फोटो. असाच. पसाऱ्यासकट."

साहेबांनी काढायला बघितला. अ‍ॅप काही घेईना. काकू बसलेली, मांडीवर दप्तर लोंबतंय, नंबर झाकलेला. काकू उठली. नंबर दिसला. फोटो निघाला. पण मी थांबलेली, आणि असला 'घाण' फोटो वरती चालत नाही.

"ही बसली की नंबर बंद आणि ही उठली की मशीन बंद," वन्सं कडाडली. "मग काय काचेची करू का हिला?"

"पट्टी काढून वर लावा ना," चावीवाला बाहेरून म्हणाला. तोपर्यंत अर्धी गल्ली गोळा झाली होती.

"पट्टी हलवली की छेडछाड धरतात."

"मग व्हिडिओ काढा!"

"व्हिडिओ टाकायला जागाच नाहीये त्यात."

साहेबांनी वर फोन लावला. "हो सर... चालू आहे सर, माझ्यासमोर शिवतायत... हो, पण... बरं सर." फोन खिशात टाकला. आमच्याकडे न बघता म्हणाले, "अर्ज करा म्हणतात. पुढच्या तिमाहीत बघतील."

"पुढच्या तिमाहीत?" काकूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साहेब, शाळा काय तुमच्या तिमाहीसाठी थांबणार आहे? हप्ता चुकवलाय का मी कधी?"

"नाही ना. हप्त्यांबद्दल काहीच तक्रार नाहीये, काकू."

मला वाटत होतं, ह्या माणसाने एक बोट सुईखाली ठेवावं. फक्त एकच. मग कळेल चालू आहे की बंद.

हमाल पुढे झाले. काकू म्हणाली, "थांबा. हे पुरं करू दे." आणि ते दप्तर तिने शेवटपर्यंत शिवलं. पट्टा, तळ, कडेची शिलाई. कोणी हललं नाही. मी सुद्धा एक टाका चुकले नाही, मित्रांनो, मुद्दामच. मग काकूने दोरा तोडला, माझी सुई सोडवली आणि ब्लाउजच्या काठात खोचली. "सुई मी विकत आणलेली आहे," म्हणाली. "लोखंड तुमचं. न्या."

वन्सं हमालांना काय काय बोलली ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

आता मी संस्थेच्या गोदामात आहे. एका बाजूला पीठ मळायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला टायर पंक्चरवाल्याचा पंप. सगळे माझ्यासारखेच, स्वच्छ म्हणून पकडलेले. मला 'दुसऱ्या गरजूला' द्यायचं होतं ना? कुठला गरजू! माझ्यात सुईच नाही, हे अजून एकाच्याही लक्षात आलेलं नाही. दर तिमाहीला फोटोवाले साहेब येतात, फडक्याने पुसतात, फोटो काढतात. 'सुस्थितीत, सुरक्षित ताब्यात.' इतका चांगला शेरा मला चालू असताना कधी मिळाला नव्हता.

परवा पुसता पुसता साहेब गोदामाच्या वॉचमनशी बोलत होते.

"ह्या मशीनवाल्या काकूंचं पण चांगलं झालं हो. आपल्याच एका कर्जदाराच्या कारखान्यात लागल्या शिवायला. रोजावर."

"आणि त्यांचं ते दप्तरांचं काम?"

"ते गेलं. दुकान पण सोडलं त्यांनी."

"मग चांगलं काय झालं?"

"अहो, अहवालात रकाना असतो, नवीन रोजगार किती निर्माण झाले. काकूंचा एक धरला आम्ही त्यात."

वॉचमन म्हणाला, "आणि दुकान बंद पडलं, ते कुठल्या रकान्यात?"

"तसा रकानाच नाहीये," साहेब म्हणाले आणि माझा नंबर जरा जास्तच घासून पुसला.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणीतरी उद्या त्या वरच्या खुर्चीत बसेल. खुशाल बसा. हिशोब मागा, तोही कडक मागा. पण एखादी वस्तू बंद आहे असं लिहायच्या आधी एकदा उठा, गल्लीत या आणि तिथल्या बाईला सांगा, "जरा शिवून दाखवा." दोन टाके बघायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही होत नसेल तर निदान ते फडकं माझ्या अंगावरून काढा. पुसून ठेवणं म्हणजे काळजी नव्हे. माझी काळजी घ्यायचीच असेल तर माझ्यापुढे एक स्टूल ठेवा आणि काकूला बसायला बोलवा.