मोकळी राहिलेली तार

उधन्याला एका हळदीच्या कार्यक्रमात लाउडस्पीकरवाल्या योगेंद्रने नवा मिक्सर जुन्या अँप्लिफायरला जोडला. मिक्सरच्या केबलला तीन तारा होत्या, अँप्लिफायरच्या पिनेला दोनच जागा. उरलेली तार केबलमधल्या जाळीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेला जोडायची असते, नाहीतर आवाज बिघडतो, हे त्याला ठाऊक होतं. पण घाईत त्याने ती मोकळीच सोडली.

हळदीची गाणी म्हणणाऱ्या भागीरथी मावशी गायला बसल्या. त्यांचा भरदार आवाज कर्ण्यातून किरटा निघाला, वर सारखी घरघर. "मावशींचा गळा गेला आता," कुणी तरी म्हणालं. मावशींनी माईक शेजारी बसलेल्या उज्ज्वलाला दिला. तेवढ्यात योगेंद्रने गुपचूप तार जोडली आणि उज्ज्वलाचा आवाज गल्लीभर घुमला. बायका तिचं कौतुक करू लागल्या. मावशी मागे जाऊन हळद कालवत बसल्या.

जेवताना योगेंद्रने ताट अर्धवट सोडलं. तो उठून मावशींकडे गेला.

"मावशी, तुमचा गळा चांगलाय. माझीच जोडणी चुकली होती."

"मंग तव्हाच सगळ्यांसमोर सांगाले काय झालं होतं?"

त्याने माईकवरून सगळ्यांना खरं सांगितलं. बायकांनी मावशींना खूप आग्रह केला. पण त्या दिवशी त्या पुन्हा गायल्या नाहीत.