मला बर्फात जायचंय!

"आबो, गुलेदला बालवाडीत न घालता घरी सांभाळायचे सरकार पैसे देतं ना? मग ते कुणाचे? हूयोचे की माझे?"

"विचारूनच दाखव!" अशी मैत्रिणींची पैज होती, आणि सगलने वडिलांना खरंच विचारलं. हूयोचा, म्हणजे आईचा, हात तव्यावरच थबकला.

मित्रांनो, मी एक जुना बर्फात घालायचा पोशाख आहे. डोक्यापासून घोट्यापर्यंत अखंड, आत जाड अस्तर, गुडघ्यांवर ठिगळं. ऑस्लोतल्या या सोमाली घरात दारामागे टांगलेला असतो, म्हणून सगळं ऐकलं. कारखान्यातून निघालो तेव्हा टोमॅटोसारखा लालबुंद होतो! मग बालवाडीत एकामागून एक पोरांनी मला घालून काय ती लोळण घेतली! "हा पोशाख म्हणजे शेकोटीच," असं बाई म्हणायच्या आणि मी फुगायचो. मग कुणीतरी मला सगलच्या धाकट्या भावासाठी, गुलेदसाठी दिलं. तेव्हापासून नुसती धूळ खातोय.

"जीभ फार लांब झालीय तुझी," आबो गुरगुरले. "तो बालवाडीत गेला की ते पैसे बंद. भाडं काय तुझ्या मैत्रिणी भरणार?"

"बालवाडीची फी आपल्याला माफ आहे, आबो! जागा उद्यापर्यंतच राखून ठेवलीय. हूयो साफसफाईच्या कामावर गेली की गुलेदला सांभाळायला मी शाळा बुडवून घरी बसते. असं चाललं तर नापास होईन मी!"

"आणि मी डोळ्यांनी पाहिलंय ते?" हूयो कडाडली. "बालवाडीत एवढ्या थंडीत लेकरांना बाबागाडीत घालून बाहेर झोपवतात! आपल्या गावाकडे करडंसुद्धा आत घेतात गं!"

अहो, मी असतो ना त्यांच्या अंगावर! पण पोशाखाचं कोण ऐकणार?

सगलने मला ओढून काढलं, हूयोचा हात माझ्या बाहीत कोंबला आणि खिडकी उघडली. "धर बाहेर."

वारा सुऱ्यासारखा आला. मी जीव खाऊन ऊब धरून ठेवली. हूयोने हात मागे घेतला नाही. आबो तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मित्रांनो, आम्हाला टांगून जपू नका. मळवा, फाडा, शिवा, पण घाला! आमचं आयुष्य बाहेरच असतं.

सगलने खिडकी लावली. मग ती दोघांकडे वळली.

"उद्या आपण बालवाडीला हो म्हणतोय. हूयो, पहिले काही दिवस तूही तिथे बस, गुलेद झोपला की हात लावून बघ, अंग गरम आहे ना ते. आबो, भाड्याचं आपण मिळून बघू. पण मी उद्यापासून रोज शाळेत जाणार."