लेकीच्या मुळांवर

मी एक जुनी बोरी आहे. मित्रांनो, माझा जन्म नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर झाला, आणि आज मी अकोटला एका अंगणात उभी आहे. झाड कधी गाव सोडते का, असे तुम्ही विचाराल. ऐका तर.

माझी बोरे पिकली तरी करकरीत राहत. नाल्याकाठच्या बोरींची बोरे पिकताच पिठूळ होत आणि टोपलीच्या तळाशी त्यांचा लगदा होई. म्हणून शेताची मालकीण मैनाबाई अमरावतीच्या बाजारात माझीच बोरे नेई. तिची लेक शालू लग्न होऊन अकोटला निघाली, तेव्हा माझ्या मूठभर आठोळ्या पदरात बांधून घेऊन गेली.

त्यांतले एक रोप जगले. शालूने त्याला न्हाणीचे पाणी घातले, शेळ्यांपासून जपले, आणि आपल्या माहेरच्या बोरांची आळीभर वाखाणणी केली. काही वर्षांनी फळ आले, ते पिठासारखे. आळी हसली. मैनाबाईने हे माझ्या बुंध्याशी बसून सांगितले, तेव्हापासून मला चैन नाही. माझी लेक माझ्यासारखी का झाली नाही?

उत्तर शालूच्या मामेसासऱ्यांनी दिले. वामनराव अकोल्याच्या रोपवाटिकेत होते. ते शालूला म्हणाले, "आठोळीत अर्धा वाटा मायचा, अर्धा बापाचा. बाप कोन, ते माशीले मालूम. तुले तेच झाड पायजे, तं त्याचा डोळा, म्हंजे काडीवरचा कोंब, आन." बोर करकरीत राहणार की पिठूळ होणार, हे वंशातच ठरते, असेही त्यांनी समजावले. म्हणजे नाल्यावरच्या कुण्या बोरीचा मऊपणा माझ्या लेकीत उतरला होता.

असे डोळे दुसऱ्या झाडावर बांधायचे ते मृगाच्या सुमारास. इकडे वाटणीत माझा धुरा मैनाबाईचे दीर खुशालराव यांच्याकडे गेला, आणि त्यांनी कपाशीसाठी मला तोडायचे ठरवले.

"भाऊजी, मिरगापर्यंत कुऱ्हाड नका लावू," मैनाबाई म्हणाली. "पोरीले डोळे नेऊ द्या."

"सावलीत पऱ्हाटी पिवळी पडते, वयनी. पेरनी आली की मी थांबत नाही."

ते दिवस मी कसे काढले, काय सांगू! रोज आभाळाकडे पाही, रोज पावलांची चाहूल घेई. अखेर शालू आली. तिने माझ्या कोवळ्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एस.टी.ने नेल्या. दुसऱ्याच दिवशी माझा बुंधा आडवा झाला.

अकोटला वामनरावांनी लेकीचे झाड आधीच छाटून ठेवले होते. तिच्या नव्या फुटव्यांवर त्यांनी माझे डोळे बांधले. ते फुटले, आणि मी पुन्हा उभी राहिले. खाली मुळे तिची, वर फांद्या माझ्या. पहिले बोर शालूने चावले तेव्हा करकर आवाज झाला, आणि ती रडली.

तरी मी स्वस्थ नाही. लेक अजून बुंध्यातून फुटवे काढते आणि शालू ते खुडते, नाहीतर मी वाळेन. हे खरे आहे. पण काळ्या मातीत खोल जाऊन उन्हाळ्यात पाणी आणते ती तीच.

मित्रांनो, चांगले झाड तोडण्याआधी त्याचा डोळा जतन करा. आणि आठोळीतून उगवलेले रोप आईसारखे नाही निघाले, तर त्याला हसू नका. माझे सारे ओझे अशाच एकीने पेलले आहे.